तिसरी रांग, खांबाजवळ

"उद्या शेवटच्या रांगेत बस. आणि तोंडावर रुमाल असू दे," थोरलीनं धाकट्या बहिणीला बजावलं. दोघी दप्तरखान्यात जुन्या वह्यांची वाट बघत होत्या. उद्या सगळं गणगोत जमणार होतं आणि थोरली घराण्याचा इतिहास वाचून दाखवणार होती. त्यात धाकटी हसली की संपलंच सगळं.

धाकटीचं हसू म्हणजे काय सांगावं, एकदा सुटलं की सुटलं. पार गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. शाळेत त्यापायी ती वर्गाबाहेर उभी राहिली. लग्नात सासूनं डोळे वटारले. पन्नाशी उलटली तरी पर्समध्ये रुमाल हवाच. नाटकाचं भारी वेड, पण हसू येईल या धास्तीनं तिनं तेही सोडलं होतं.

इतिहासात एकच ओळ पेन्सिलीनं लिहिलेली होती. पणजोबा नाट्यगृहात नोकरीला होते एवढंच ठाऊक होतं. "व्यवस्थापक असणार," असं थोरली चारचौघांत सांगून बसली होती. आता फक्त पुरावा हवा होता.

कारकुनानं नाट्यगृहाच्या नोकरांची जुनी वही उघडून दिली. थोरलीनं चष्मा सावरला आणि पणजोबांच्या नावापुढचं वाचलं. 'काम: हसणे. जागा: तिसरी रांग, खांबाजवळ.' तिचा चेहराच उतरला.

"ही काय थट्टा आहे?"

"थट्टा नाही, ताई. असा माणूस पगारी ठेवायचे तेव्हा," कारकून म्हणाला. "लोक हसायला बिचकतात ना. विनोद झाला की यानं आधी हसायचं, मग बाकीचे हसायचे." त्यानं शेऱ्यावर बोट ठेवलं. 'हसू अस्सल. रस्त्यापर्यंत ऐकू जाते. यांस कदापि सोडू नये.'

धाकटीनं ते दोनदा वाचलं. तिचे डोळे भरून आले. पर्समधला रुमाल हाताला लागेपर्यंत उशीर झाला होता. 'शांतता राखा' या पाटीखालीच तिचं हसू सुटलं. कारकून हसला. सकाळपासून मान वर न केलेले पलीकडचे आजोबाही हसले. थोरलीनं ओठ घट्ट आवळून धरले, पण तिचाही नाइलाज झाला.

मग तिनं धाकटीच्याच रुमालानं डोळे पुसले आणि तो स्वतःच्या पर्समध्ये टाकला. भाषणाचे कागद काढून 'व्यवस्थापक' खोडलं.

"उद्या तिसऱ्या रांगेत बस," ती म्हणाली. "माझ्या भाषणात दोन विनोद आहेत."