दूधपोळी

"अजूनही दूध पाजताय तुम्ही हिला," बिट्टीचं पोट चाचपत डॉक्टर म्हणाले. वृंदा चिडली. मांजरीला दूध पचत नाही हे कळल्यापासून तिने घरात थेंबभर दूध आणलं नव्हतं. स्वतःचा चहाही कोरा प्यायची. बिट्टीला फक्त उकडलेलं चिकन आणि भोपळा.

तरी रोज सकाळी बिट्टीच्या वाटीत दूधपोळी असायची. बोटांनी मऊ कुस्करलेली, वर साय. थेट सासूबाई कुस्करायच्या तशी. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि दारंखिडक्या वृंदा स्वतः लावायची.

शेवटी फोटोपुढे निरांजन ठेवताना ती बोललीच, "आई, दूध बाधतंय हो तिला. भोपळा द्या." हयातीत त्यांनी सुनेचं कधी एक ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाटीत भोपळा होता, बोटांनी मऊ कुस्करलेला. वृंदाचा जीव भांड्यात पडला.

मग तिचं टेबलाकडे लक्ष गेलं. तिच्या ताटात दूधपोळी वाढलेली होती. समोरच्या रिकाम्या खुर्चीवर, बसायच्या जागेपासून वीतभर वर, अधांतरी, बिट्टी मुटकुळं करून निवांत घुरघुरत होती.