नवव्या डावाच्या आधी

बेसबॉलचा आठवा डाव, सामना बरोबरीत, तिन्ही बेसवर गावच्या बेल्डन मिलर्स संघाची माणसं, आणि व्हर्जिल हॉफनं रेडिओ बंद केला.

"व्हर्ज!" त्याची बायको नेटी खुर्चीतून ओरडली. "लाव तो परत!"

"नाही. चल, एक चक्कर मारून येऊ."

"अरे मेल्या, तिन्ही बेस भरलेत!"

"म्हणूनच म्हणतोय. ऊठ."

नेटीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण बूट चढवले. गल्लीतल्या प्रत्येक घरात तोच सामना लागलेला असायचा, म्हणून व्हर्जिल तिला मागच्या बोळानं नदीकडे न्यायचा. एखाद्या खिडकीतून आवाज आलाच तर मोठ्यानं शीळ घालायचा. नेटी त्याचं मनगट धरून सावकाश चालायची. तिची बोटं थंड लागली की तो चाल आणखी मंद करायचा.

हे एप्रिलपासून चाललं होतं. हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात नेटीनं त्याला ओढत डॉक्टर पॅजेटकडे नेलं होतं. दोघांचीही तपासणी झाली. डॉक्टरांनी व्हर्जिलशी मिलर्सच्या चेंडू टाकणाऱ्या नव्या पिचरबद्दल गप्पा मारल्या, त्याला ताकदीच्या गोळ्या दिल्या आणि नेटीला एकटीलाच आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "हृदय कमजोर झालंय, व्हर्ज. अचानक ताण आला तर जागच्या जागी सगळं संपेल, म्हणाले."

व्हर्जिलनं गाडी कडेला घेतली.

"आणि बेसबॉल?" त्यानं विचारलं, आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली.

"ऐकायचं. पण अटीतटीचं झालं की बंद. ते तूच करायचंस, माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणि कुणाजवळ बोलायचं नाही. मला लोकांची कीव नको."

व्हर्जिलनं शब्द दिला. हा तो माणूस, ज्यानं लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर पाहुण्यांना आधी स्कोअर विचारला होता. लहानपणापासून मिलर्सचा एकही डाव त्यानं अर्धवट सोडला नव्हता. आता तो दर दोन दिवसांआड एक सामना अर्धवट सोडत होता.

घरातलं मीठ गेलं, बेकन गेलं. नेटी अळणी खाणार आणि आपण चापून खाणार, हे त्याला पटेना. धुरानं तिला दम लागायचा, म्हणून पाइप गेला. बागेत कुदळ घेतली की तीही मदतीला यायला बघायची, म्हणून यंदा बटाटेसुद्धा लावले नाहीत. मैदानावरची वरच्या रांगेतली जुनी जागा सोडून दोघं खाली, दाराजवळ बसू लागले. तिथल्या चार पायऱ्यांवरही नेटी थांबायची. "जरा दम घेऊ दे रे," म्हणायची. व्हर्जिल तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहायचा आणि घाबरून जायचा. तिच्याशिवाय घर कसं असेल, हा विचार तो मनात येऊच देत नव्हता, आणि तोच विचार दिवसभर येत होता.

केशकर्तनालयात न्हावी गस ब्राँटनं त्याला सोडलं नाही.

"या! पळपुटे आले! काल नववा डाव कसा वाटला, व्हर्जिल? अरे हो, तू तर घरी जाऊन झोपला होतास."

सगळे खो खो हसले. व्हर्जिलनं मान खाली घातली आणि केस जरा बारीक काप म्हणून सांगितलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी अजिंक्यपदाचा सामना बेल्डनमध्येच होता. गावानं सकाळपासून देव पाण्यात घातले होते. शेवटचा, नववा डाव सुरू झाला तेव्हा मिलर्स एका धावेनं मागे होते. आता दोन माणसं बाद, दोन बेसवर. फलंदाजाचे दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला तो बाद आणि सामना हातचा गेला. मैदान टाचणी पडली तरी ऐकू येईल इतकं गप्प.

व्हर्जिलला कानात धडधड ऐकू येत होती. बाजूनं नेटीची बोटं त्याच्या मनगटात रुतली. त्यानं वळून पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"ऊठ," तो म्हणाला.

"व्हर्ज, एकच चेंडू..."

"ऊठ, नेटी. तुझ्या पाया पडतो."

मागून गसचा आवाज आला, "बघा रे, निघाला शूरवीर!" व्हर्जिलनं वळूनही पाहिलं नाही. तिच्या खांद्याभोवती हात टाकून त्यानं तिला दाराबाहेर नेलं.

गाड्यांपाशी पोचले तोच पाठीमागे सगळं मैदान एकदम गरजलं. व्हर्जिल क्षणभर थबकला. त्याचे डोळे भरून आले. मग त्यानं गाडीचं दार उघडलं, तिला आत बसवलं आणि तो पलीकडच्या नळावरून तिच्यासाठी पाणी आणायला गेला.

डॉक्टर पॅजेट धापा टाकत, हातात बॅग घेऊन आले. "तुम्हाला उठताना पाहिलं. काय झालं?"

"काही नाही. वेळेवर उठला." नेटी गाडीतून चटकन बाहेर आली. "जिंकलो का?"

"जिंकलो. होमरन!" डॉक्टरांनी नळाकडे, व्हर्जिलच्या पाठीकडे पाहिलं. "नेटी, त्याला खरं कधी सांगणार आहेस?"

"कधीच नाही," ती म्हणाली. "स्वतःच्या जिवासाठी हा माणूस एक डावसुद्धा सोडायचा नाही, डॉक्टर. माझ्यासाठी सोडतो."