करडगी

“काका, हृदयाचा एमआरआय काढताना अंगावर धातू चालत नाही. ती चांदीची डबी काढा,” तपासणी करणारी मुलगी म्हणाली. रेवणप्पांनी गळ्यातली करडगी मुठीत घट्ट धरली. “जीव गेला तरी इष्टलिंग अंगावेगळं करनार न्हाय.” “लिंग फडक्यात बांधून गळ्यात घालते की!” म्हणत बायकोनं, सावित्रम्मानं, करडगी काढली, कपाळाला लावून उघडली. आत चुन्यात मळलेली तंबाखू होती. मागं छातीत कळ आली तेव्हा ह्याच करडगीवर हात ठेवून या माणसानं तंबाखू सोडली होती. रोज पूजेला दार लावून बसायचा, बाहेर आला की ती त्या करडगीला कपाळ टेकवायची! तिनं पदरानं कपाळ खसाखसा पुसलं. “आन् लिंग कुटं हाय वो?” तिनं दातओठ खात विचारलं. रेवणप्पांची मान खाली गेली. “घरी. तंबाखूच्या डबीत.”