पुरुषाची जागा

गिरकी घेता घेताच म्हाळसाला दारात नवरा दिसला.

हातात पाण्याच्या मोटारीच्या दुकानातली पिशवी घेऊन गोकुळ उंबऱ्यावर उभा होता. दर शनिवारी ती कासुर्डीहून दौंडला येते ती गुडघा शेकायला, असं घरी ठाऊक होतं. शेकायचा दवाखाना याच इमारतीत खाली होता, म्हणजे ते अगदीच खोटं नव्हतं. पण होळीपासून ती दवाखान्यावरून पुढं जाऊन जिना चढत होती. वर जोडीनं नाचायचा क्लास होता. वॉल्ट्झ म्हणायचे त्या नाचाला. आज खरेदीला आलेला गोकुळ तिला न्यायला दवाखान्यात डोकावला असणार आणि तिथल्या कुणीतरी त्याला वर धाडलं असणार.

थांबावं असं तिच्या मनात आलं. पाय थांबले नाहीत. समोर गौतमी होती, बँकेतली. तिचा हात म्हाळसाच्या खांद्यावर, डोळे अर्धे मिटलेले. म्हाळसा नेईल तिकडं ती निवांत चालली होती. गाणं संपेपर्यंत म्हाळसानं तिला हॉलभर फिरवली. दर गिरकीला गोकुळ समोर यायचा आणि निघून जायचा.

गाणं संपलं तसा तो जवळ आला.

"गुडघा बरा दिसतोय."

"बरा हाय."

"कवापास्नं?"

"हितं यायला लागल्यापास्नं."

गोकुळनं हॉलभर नजर फिरवली. परक्या बाप्याच्या हातात तिचा हात असता तर रागवायला तरी जमलं असतं. इथं सगळ्या बायाच. आणि पन्नाशीला टेकलेली आपली बायको पदरानं घाम पुसतेय, पण पाय काही एका जागी ठरत नाहीत. घरीही हल्ली असंच चालायचं. कांदा निवडताना, भाकरी थापताना, अंथरुणाला पाठ टेकल्यावरसुद्धा. एकदा गोठ्यात ती खराटा धरून गोल फिरत होती, तेव्हा 'विंचू चावला काय?' म्हणून तो धावत आला होता.

"सांगितलं का न्हाई?"

"तुमी नगं म्हणला असता. आन् मी आले असते. म्हून न्हाई सांगितलं."

तेवढ्यात मार्थाबाई लगबगीनं आल्या. त्या शिकवायच्या.

"मिस्टर का? या, या! देवच पावला म्हणायचा."

क्लासात पुरुष फिरकतच नसत. उंच आणि खांद्यानं भक्कम म्हणून म्हाळसाला पहिल्या दिवसापासून पुरुषाची जागा मिळाली होती. पुरुषानं पाऊल पुढं टाकायचं, वळायचं कुठं ते ठरवायचं. बाईनं न बघता मागं सरायचं.

"म्हाळसाताई, सुटलात तुम्ही," मार्थाबाई म्हणाल्या. "पुरुषाचं काम आता यांना शिकवू. तुम्ही या आपल्या जागेवर."

बायका हसल्या. गौतमी बाजूला झाली. 'आपल्याला कुठलं जमतंय' म्हणत म्हणत गोकुळनं पिशवी खुर्चीवर ठेवली, चपला काढल्या, फोटोला उभं राहावं तसा ताठ उभा राहिला. आणि त्यानं हात पुढं केला.

चारचौघांत त्यानं तिच्यापुढं हात करायची ही पहिलीच वेळ. धरावा तो हात, सरावं मागं, गाडीवर बसून घरी जावं. किती सोपं होतं.

गाणं सुरू झालं. बाकीच्या जोड्या फिरू लागल्या. इतके दिवस कुठंच न ठरणारे म्हाळसाचे पाय आता जमिनीतून उचलेनात. गोकुळ वाट बघत होता. त्याचा हात तसाच पुढं होता.

मग तिनं तो हात उचलला आणि आपल्या खांद्यावर ठेवला. आपला पंजा त्याच्या पाठीला लावला.

"अहो ताई, उलटं झालं."

"असू द्या, बाई." म्हाळसा नवऱ्याकडं बघत होती. "मागं सरा. मी हाय."

गोकुळनं मान वळवून पाहिलं. मागं भिंतीपर्यंत नुसती फरशी होती. त्यानं परत तिच्याकडं पाहिलं, आणि नदीत उतरताना तळ चाचपावा तसं एक पाऊल मागं टाकलं.