पाय तेवढे माझे

जुन्या जपानी कार्टूनमधला तो खेळण्यातला रोबो पाच गाड्या जोडून बनायचा. लहानपणी दोघा भावांची रोजची मारामारी बघून आईनेच त्याची वाटणी केली होती: धड आणि दोन्ही हात धाकट्याला, दोन्ही पाय थोरल्याला.

पन्नाशी उलटली तरी थोरला दर रविवारी पाय रुमालात गुंडाळून धाकट्याच्या घरी जायचा. दोघं मिळून रोबो उभा करायचे, चहा व्हायचा. पण निघताना धड धाकट्याच्या काचेच्या कपाटात मिरवायला जायचं आणि आपल्या हाती नुसत्या तंगड्या, या विचाराने थोरल्याचा अगदी जळफळाट व्हायचा.

अखेर एका जुन्या खेळणीवाल्याच्या हातापाया पडून त्याने हात मिळवले, धडही मिळवलं. पाचही गाड्या खटाखट जोडल्या आणि धाकट्याला फोटो पाठवला. "बघ! आता माझाही पूर्ण!"

आता जळून खाक होईल बेटा, म्हणून तो फोनवर डोळे लावून बसला.

उत्तरादाखल फोटोच आला. धाकट्याच्या कपाटातला रोबो स्वतःच्या पायांवर उभा होता. खाली लिहिलं होतं,


"माझा सहा वर्षांपूर्वीच पूर्ण झाला, दादा. तू यायचा थांबशील म्हणून बोललो नाही."