काजलची जुनी गाडी

“चाबी दे, काजल.”

रूपरावांनी हात पुढे केला. त्यांच्या मुलीने मूठ उघडली नाही.

देवळीच्या त्यांच्या गॅरेजसमोर दोन गाड्या उभ्या होत्या. दोन्हींची कंपनी एक, नावही एकच. वयात मात्र वीसेक वर्षांचं अंतर. नवीच्या बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं आणि चाकाखाली चिरडलेलं लिंबू. जुनी पांढरी, दारापाशी रंग उडालेली. तीच विकत न्यायला नागपूरचा अश्विन आला होता.

काजलला लहानपणी मेंदूज्वर झाला आणि तिचे कान गेले. बोलणं तेवढं राहिलं. समोरच्याचे ओठ वाचून ती त्याचं म्हणणं समजून घेई. अशी पोर गाडी चालवेल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पण ती गॅरेजातच वाढली, रीतसर लायसन्स काढलं, आणि नागपूरला मैदानावर गाडी पळवायच्या स्पर्धेत या जुन्या पांढऱ्या गाडीवर बक्षीसही घेऊन आली. चालवायला बसली की चपला काढून ठेवायची. बापाला ती एक खोड वाटे.

ती मैदानात उतरली की रूपरावांचा जीव टांगणीला लागायचा. म्हणून त्यांनी ही नवी आणली. मागून कुणी आलं तर हिच्या आरशात दिवा लागे. कानांना जे कळत नाही, ते हिच्या पडद्यावर दिसे. आपल्या पोरीसाठीच कुणी बनवली असावी, असं त्यांना वाटलं. पुढच्या स्पर्धेत तिने हीच चालवावी आणि जुनी आजच जावी, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सकाळी दोघं नवी घेऊन पुलगाव रस्त्याला गेले होते. काजलचे डोळे सारखे पडद्याकडे. गिअर कधी बदलायचा, तेही ती आकडे पाहून ठरवत होती. वळणावर कापसाने भरलेला ट्रॅक्टर समोर आला. तिला तो उशिरा दिसला. गाडीने आपणहून ब्रेक लावला.

“पाह्यलं?” रूपराव हरखून म्हणाले होते. “गाडीनंच सांभाळलं तुले!”

काजलने गाडी कडेला घेऊन थांबवली. नवं आहे, होईल सवय, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

आता अश्विन जुन्या गाडीभोवती फिरत होता. रूपरावांना राहवेना.

“मले एक सांग बे, नवीचं इंजिन हिच्याहून दमदार. मंग तुम्ही पोट्टे ह्या जुनीच्या मागं काऊन लागता?”

“काका, पळायले नवीच जास्त पळते,” अश्विन म्हणाला. “पण तिच्यात गादीवर बसल्यासारखं वाटते. खडा चाकाले लागला तर तो चाकालेच माहीत. ही जुनी हलकी. चाकात अन् आपल्यात मऊ असं काही नाई. टायर घसराच्या आधी स्टिअरिंग हातात हलकं पडते. इंजिनले गिअर जड झाला, तर पायाले समजते. पुढं लोकायच्या आरामापायी कंपन्यायनं हे सारं दाबून टाकलं. अशी गाडी आता कोणी बनवत नाई.”

“म्हंजे दिवसभर कुरकुर करते म्हण ना!” रूपराव हसले. “तशी तर एक माह्या घरीच आहे.”

“ऐकू येऊन राह्यलं मले!” आतून त्यांच्या बायकोचा, कमलाबाईंचा आवाज आला. “कुरकुर करणारीच्या हातची भाकर बरी गोड लागते रोज!”

अश्विन पोट धरून हसला. रूपरावांच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. काजल एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. हसणारे ओठ वाचता येत नाहीत.

“काय झालं?” तिने विचारलं.

“काई नाई. मंग सांगतो,” रूपराव हात हलवून म्हणाले आणि अश्विनकडे वळले. “घेऊन जा बाबा आता हिले.”

काजल जुन्या गाडीकडे चालत गेली. चपला काढून आत बसली आणि तिने इंजिन सुरू केलं. अश्विन थांबला. रूपराव धावत दाराशी आले.

“अवं, असं काय करतं? ते नवी तुह्यासाठीच घेतली ना बेटा! तिच्यात सारंच दिसते.”

तिने बापाचा हात धरून आत ओढला आणि गिअरच्या दांड्यावर ठेवला. इंजिनची तब्येत रूपराव जन्मभर कानांनी ओळखत आले होते. हात ठेवून ओळखायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. दांडा तळव्याखाली थरथरला. काजलने अनवाणी पायाने ॲक्सिलरेटर जरासा दाबला. थरथर बारीक झाली, मग घट्ट झाली.

“अशी चालवतं तू?” त्यांनी हळूच विचारलं.

तिने मान डोलावली.

“पण बेटा, नवीची बी होईन सवय.”

“नवीच्या तोंडाकडं पाहत राहा लागते,” काजल म्हणाली. “तुमच्या साऱ्यायच्या तोंडाकडं पाहतो तसं.”

तिने बापाच्या हातावर आपला हात ठेवला. दांडा दोघांच्या हाताखाली थरथरत होता.

“बाबा, ही गाडी मले कधीच ‘मंग सांगतो’ म्हणत नाई.”