तिकडे लाइट आहे ना?

समरजीत कोळशावर चालणाऱ्या एका मोठ्या वीजकेंद्रात इंजिनिअर होता. नवं टर्बाइन चालू करायची जबाबदारी त्याच्यावर होती आणि ते काही केल्या टिकत नव्हतं. सुरू व्हायचं, थोडं फिरायचं नि बंद पडायचं. या नादात महिनाभर त्याला मुरारला घरी येता आलं नव्हतं.

जूनमधल्या एका भर दुपारी त्याचा आईला, लीलाताईंना फोन आला.

"आई, चाललं! आत्ताच आमची वीज ग्रिडमध्ये गेली!" मागे लोक टाळ्या वाजवत होते.

"शाब्बास रे माझ्या राजा!" लीलाताईंचे डोळे भरून आले.

"तिकडे लाइट आहे ना गं?"

"आहे म्हणजे? पंखा कसा गरगर फिरतोय! तुझीच वीज असणार ही."

पलीकडच्या टाळ्या एकदम थांबल्या.

"ऐकतोयस ना रे?"

"हो, हो. सगळं मस्त चाललंय. ठेवतो आई."

लीलाताईंनी फोन ठेवला, पदराने घाम पुसला आणि घडी केलेल्या वर्तमानपत्राने वारा घेऊ लागल्या. शेजारी बसलेली धाकटी मुलगी हर्षिता बघतच राहिली.

"आई, झूठ कशाला बोललीस? सकाळपासून लाइट नाहीये आपल्याकडे!"

"गप गं. एवढ्या कष्टाने चालू केलंय त्याने. त्याचा हिरमोड कशाला करायचा?"



बोलता बोलताच टर्बाइन पुन्हा बंद पडलं होतं, हे समरजीतनेही आईला सांगितलं नव्हतं.